फ्रिजवरचा डबा

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता. वेळ अगदी पक्की सांगते, कारण मी बारकीला औषधाचा चमचा पाजत होते आणि ती घड्याळाचा काटा दाखवल्याशिवाय तोंड उघडत नाही — तर सव्वाअकराला ही वायर वरच्या मजल्यावरून लोंबत लोंबत आमच्या खिडकीत आली, आणि तिथूनच या घराला वाळवी लागली. हो, हीच वायर. आता तुटलेली दिसतेय, टोकाला रंगीत तारा बाहेर आल्यात, ती मीच कापलीय, भाजीच्या कात्रीने. बसा ना ताई. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे, इकडे पलंगावर बसा. नणंदेचा फोन आला होता, म्हणाली आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताई कामावरून येताना येतील, आईची पिशवी भरून ठेव. ठेव म्हणाली आणि फोन ठेवला. कशी आहेस नाही, बारकी कशी आहे नाही. असू दे. पिशवी थोडी भरायची राहिलीय, भरता भरता सांगते, कारण तुम्ही आल्या आल्या विचारलंत — लॅपटॉप घरी आणि कामावर, दोन्हीकडे नेटला स्वस्तात कसा जोडलात. तुमच्याही पाठीवर आहे ना तो? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मी पण असाच वाहायचे. स्वस्तात जोडायचाय म्हणता? मग ऐकाच.

मी पार्सलच्या गोदामात कामाला आहे. म्हणजे होते. आहे की होते ते अजून ठरायचंय. काम काय, पार्सलवरचे पत्ते बघून लॅपटॉपात भरायचे, चिठ्ठी छापून निघाली की डकवायची. सातवी शिकलेली बाई कॉम्प्युटरवर काय करणार, असं माझ्या चुलतसासऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं. पत्ता वाचायला किती इयत्ता लागतात हो? पण गोदामाची अट अशी, की लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा. मग आमच्या ह्यांनी — ते लांबच्या गाडीवर ड्रायव्हर असतात, आठवड्यातून एकदा घर बघतात — त्यांनी कुणाचा तरी वापरलेला आणून दिला. बिजागरी सैल, म्हणून चिकटपट्टी लावलेली. आतलं वायफाय मेलेलं, त्यासाठी बाजूला नखाएवढी काडी खोचावी लागायची. पण चालायचा. गोदामात दोन नेटवर्कं. एक कामाचं, त्याला तिथला कॉम्प्युटरवाला तुमच्या लॅपटॉपचा नंबर टिपून आत घेतो, नंबर नसेल तर दारातच अडवतो. दुसरं पाहुण्यांचं, म्हणजे माल द्यायला येणारे ड्रायव्हर वगैरे बसून मोबाईल बघतात ना, त्यांचं. ते संथ, पण त्यावर काहीही उघडतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. तर गोदामाचं झालं फुकटात. प्रश्न घरचा. कारण सणासुदीच्या — नाही, सण सोडा, गर्दीच्या दिवसांत मुकादम म्हणायचा की उरलेले पत्ते घरी भरा, जास्तीचं मिळेल. आणि घरी नेट नाही. मोबाईलचं नेट लावून बघितलं, दुपारपर्यंत संपायचं. स्वतःची लाइन घ्यायची तर आधी अनामत, मग पेटीचे वेगळे, मग दर महिन्याचे. आमच्याकडे आधीच बारकीच्या छातीचं औषध.

अशा वेळी देव धावून येतो म्हणतात. आमच्याकडे वरच्या मजल्यावरचा बिनतारी काका धावून आला. सगळी बिल्डिंग त्याला बिनतारी काका म्हणते. कुणाची बेल बिघडली, कुणाचा टीव्ही रुसला, की बोलवा काकाला. आधी कुठेतरी वायरमन होता, आता रिकामा. म्हातारपणी माणसाने जप करावा नाहीतर फिरायला जावं, हा लोकांच्या भिंतींना भोकं पाडत फिरतो. मला म्हणाला, माझ्या घरचं नेट आहे, त्यातूनच देतो तुला. पैसे घ्यायचा नाही, हं. मी म्हटलं काका, निम्मे पैसे घ्या महिन्याचे. तर हात जोडले, म्हणाला, घरच्या माणसांकडून कुणी घेतं का. तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. जो पैसे घेत नाही तो काय घेतो? काहीतरी घेतोच, ताई. फुकटासारखं महाग काही नाही. — बारके, ताईंच्या बॅगेला हात लावू नकोस. त्या चेनचा दांडा तोंडात घालते ही, जे दिसेल ते तोंडात. मागे शर्टाचं बटण सापडलं हिच्या गालात. — तर त्याचं वायफाय मधल्या स्लॅबमधून खाली येईना, म्हणून त्याने वरून ही वायर सोडली, माळ्यावरचा त्याचा एक जुना राऊटर आणला, तो आमच्या फ्रिजवर ठेवला, वायर त्याला जोडली. झालं घरचं नेट. लॅपटॉप माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि जोडून दिला. बोट जिभेला लावायचा तो. नोटा मोजताना लावतात तसं बोट थुंकीत भिजवायचं आणि मग ते माझ्या लॅपटॉपच्या बटणांवर. मी नंतर ओल्या फडक्याने दोनदा पुसला. तरी हात लावताना शिसारी यायची. पण जोडून दिलं होतं ना, मग गप्प बसायचं.

आता खरं दुखणं. मी कामावर जायचे तेव्हा बारकीला सासूबाई सांभाळायच्या. या घरात दोघीच, दिवसभर. सासूबाई म्हणजे बाई चांगली, मी नाही म्हणत नाही. पण नजर कमी झालेली, गुडघे गेलेले, आणि बसल्या बसल्या डुलकी लागते. एक दिवस मी घरी आले तर बारकीच्या कपाळावर टेंगूळ, हे एवढं, लिंबाएवढं. विचारलं तर म्हणाल्या, पडली. कशी पडली, तर म्हणाल्या, पोरं पडतात. बस. पुढे एक अक्षर नाही. तुम्हाला मूल आहे? नाही? मग तुम्हाला कसं कळणार. मी रात्रभर — जाऊ दे, मी ते टेंगूळ बघत बसले एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून गोदामात पत्ता भरायचे एक आणि डोळ्यासमोर दिसायचं दुसरंच. खिडकी उघडी राहिली असेल. बोट सॉकेटात गेलं असेल. सासूबाई झोपल्या असतील आणि ही फ्रिजमागे. दोन पार्सलं भलत्याच पत्त्यावर गेली माझ्या हातून. मुकादम म्हणाला, घरी बसा ना मग. हे सगळं मी जिन्यात शेजारच्या शिवणवालीला सांगत होते, आणि काका वरून उतरत होता. थांबला. म्हणाला, अगं मग कॅमेरा बसव की. माझ्याकडे एक पडून आहे. लॅपटॉपवरून गोदामात बसून पोरगी बघशील. इतकं साधं करून सांगितलं त्याने, जसं काही दाराला कडी लावायची.

आणि मी लावला. हो, लावला, त्यात काय लपवायचंय. मुठीएवढा पांढरा डबा, मध्ये काळी टिकली. राऊटरच्या शेजारी, फ्रिजवर. सासूबाईंनी विचारलं हे काय, तर मी म्हटलं नेटचा डबा. आधीचा एक नेटचा आहे ना, तसाच दुसरा. काकासमोर म्हटलं, आणि त्याने मान डोलावली, म्हणाला, हो आजी, दोन लागतात. दोघांनी मिळून. त्या कॅमेऱ्याचं खातं उघडायला मोबाईल लागतो. माझ्या मोबाईलमध्ये जागा नव्हती, बारकीच्या फोटोंनी भरलेला. तो म्हणाला, फोटो कशाला पुसतेस, माझ्या मोबाईलवरून उघडतो, तुझ्या लॅपटॉपवर दिसल्याशी कारण. इथे, ताई, इथे माझी अक्कल चरायला गेली होती. खातं त्याचं, पासवर्ड त्याचा, लाइन त्याची, आणि घर माझं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे. मला खरंच वाटलं की माझ्या लॅपटॉपवर दिसतं म्हणजे माझ्याच लॅपटॉपवर दिसतं. तुम्हाला नसतं वाटलं? तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला नसेल वाटलं.

गोदामाच्या कामाच्या नेटवर कॅमेरा उघडायचा नाही. म्हणून सांगितलं लक्षात ठेवा. जेवायच्या सुट्टीत मी पाहुण्यांच्या नेटवर जायचे, एक टिचकी, आणि स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी डोकावायचे. पहिल्या दिवशी काय दिसलं माहितीये? काहीच नाही. नुसतं पांढरं, मग करडं, मग एक भलामोठा डोळा. मग डोळा मागे गेला आणि कळलं, सासूबाई. हातात फडकं. डबा पुसत होत्या. स्टुलावर चढून, त्या गुडघ्यांनी. आवाजही यायचा, बारकीला सांगत होत्या, हात नाही लावायचा हं, तुझ्या आईच्या कामाचा डबा आहे, धूळ बसली की तिचं काम अडेल. रोज पुसायच्या. रोज तो डोळा यायचा. मी जेवणाचा डबा खायचा विसरून बघायचे. आणि बाकी काय काय बघितलं मी. टेंगूळ का आलं ते पण कळलं — ही कार्टी पलंगाच्या कडेवरून मुद्दाम उडी मारते, आणि सासूबाई धावतात, पडतात, आणि हिला वरच्या वर धरतात, स्वतःचा कोपर आपटून. मला कधी बोलल्या नाहीत. घास भरवायला तिच्यापुढे नाचायच्या, ताई. गुडघे गेलेली बाई, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात वाटी. एकदा दुपारी बारकीला मांडीवर झोपवून, तिच्या कानाशी म्हणाल्या, आई दमते गं तुझी, तिला रात्री त्रास नको देऊ. मी तिथे गोदामात, पार्सलांच्या ढिगाआड, नाक पुसत बसले. घरी आल्यावर म्हटलं का त्यांना काही? कशी म्हणणार. म्हटलं तर विचारतील, तुला कुणी सांगितलं.

पण मग काढायचा होतास ना डबा, असं तुम्ही मनात म्हणताय. दिसतंय तुमच्या तोंडावर. टेंगळाचं कळलं, बाई सोन्यासारखी निघाली, मग काढायचा. काढणारच होते. उद्या काढू, उद्या काढू. एकदा ती खिडकी उघडी मिळाली ना, की बंद करवत नाही. — सासूबाई कपडे खोलीतच बदलायच्या. मोरीत ओलं असतं, पाय घसरतो, आणि दुपारी घरात कोण असतं, एक लहान पोर. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी लॅपटॉपवर हात ठेवला. मग म्हटलं, मी सून, बाईमाणूस, त्यात काय. हात ठेवायचे मात्र दर वेळी. तेवढं तरी. आणि तेव्हाच मला कळलं की त्यांच्या कमरेला पट्टा असतो. पाठीचा, रुंद, डॉक्टरी. कपड्याच्या आतून बांधायच्या. घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्यांच्या मुलालाही नाही. का लपवला असेल? मला विचाराल तर माझ्यासाठी. पाठ गेलीय म्हटलं असतं तर मी बारकीला त्यांच्याकडे ठेवली नसती. नोकरी सोडली असती. म्हणून आवळून बांधायच्या आणि वरून हसायच्या.

आणि तो काका वर बसून बघत होता. मी लॅपटॉपवर हात ठेवत होते आणि तो वर पलंगावर आडवा होऊन, बोटाला थुंकी लावून — नाही, मला बोलवत नाही. मला अजून जेवताना आठवलं की घास फिरतो तोंडात. एका म्हाताऱ्या बाईला, ताई. जिच्या हातचं पाणी हा पिऊन गेला होता.

कसं कळलं ते सांगते. जिन्यात. त्या दिवशी मला सुट्टी होती, मी कचऱ्याची बादली घेऊन दारात उभी, शिवणवाली तिच्या दारात, समोरची पण होती. सासूबाई दूध घेऊन वर येत होत्या, एकेक पायरी, कठड्याला धरून. तो वरून उतरला. बाजूला झाला, वाट दिली. मोठा सभ्य. आणि अगदी मायेने, आजारी माणसाला सांगतात तसं, म्हणाला, "आजी, पट्टा फार वर बांधता तुम्ही. जरा खाली, हाडावर घ्या. आराम पडेल." आणि गेला, खाली, चपला वाजवत. शिवणवालीने एकदा सासूबाईंच्या कमरेकडे बघितलं. सासूबाईंनी दुधाची पिशवी पोटाशी धरली. अशी. जसं काही त्या उघड्याच उभ्या होत्या जिन्यात.

घरात आलो. दार लावलं. मला म्हणाल्या, त्याला कसं कळलं? मी घाबरले हो. घाबरलेला माणूस खरं बोलून बसतो. मी म्हटलं, आई शप्पथ, मी नाही सांगितलं त्याला पट्ट्याचं. झालं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुला कुठून माहीत?" आणि मी काही बोलले नाही, ताई. नुसती माझी नजर गेली. फ्रिजकडे. गेली आणि लगेच खाली आणली मी, पण तेवढ्यात त्यांनी पकडली. कमी दिसतं म्हणे त्यांना. सगळं दिसतं. वळून फ्रिजकडे बघितलं. दोन डबे. मग म्हणाल्या, "मी रोज पुसत होते गं तो."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी चार उलट बोलले असते, संध्याकाळी परत एकत्र जेवलो असतो. सासू-सुनेचं असतंच. त्या आत गेल्या, मोरीत, त्या ओल्या मोरीत, कडी लावली. बाहेर आल्या तेव्हा पट्टा हातात होता. टेबलावर ठेवला. बारकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चप्पल घालून लेकीकडे गेल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी. बारकी दारापर्यंत गेली मागे. अजून जाते, बेल वाजली की. मघाशी तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा नाही का कशी पळत आली, आणि तुम्हाला बघून उभी राहिली.

मी तशीच वर गेले. बादली हातातच होती माझ्या. त्याने दार उघडलं, बनियनवर, तोंडात बिस्कीट, चुरा छातीवर सांडलेला. मी म्हटलं, तुमचा मोबाईल दाखवा. लाजला पण नाही हो. म्हणाला, लक्ष ठेवत होतो, दोघी बायका एकट्या, पोरगी लहान, काही झालं असतं म्हणजे. चोर तो चोर वर शिरजोर. मी म्हटलं, म्हातारीला न सांगता बघत होतात तुम्ही. तर बिस्कीट चावत म्हणाला, "तू सांगितलं होतंस तिला? मग तुझ्यात आणि माझ्यात काय फरक?" मला त्याने स्वतःच्या पंगतीला बसवलं. त्या घाणेरड्या तोंडाने. मी कचऱ्याची बादली त्याच्या दारात उलटी केली आणि खाली आले. खिडकीत हात घालून वायर कापली. राऊटर काढून त्याच्या पायपुसण्यावर नेऊन टाकला. आणि कॅमेरा वरवंट्या— आपल्या त्या जड कुलपाने ठेचला, उंबऱ्यावर. काळी टिकली बाहेर पडली, तिच्यामागे एवढीशी काच. बारकी तोंडात घालेल म्हणून आधी ती वेचली.

फरक आहे ना, ताई? तुम्ही सांगा. मी पोरीसाठी बघत होते. मी हात ठेवायचे. नका सांगू, राहू दे.

आता बिल्डिंग काय म्हणते ऐका. शिवणवाली म्हणते, काका तसा भला माणूस आहे, तुझंच काहीतरी चुकलं असेल, आणि माझ्या मशीनची वायर त्यानेच जोडून दिलीय, मी कशाला वाईटपणा घेऊ. समोरचीच्या घरी त्याचंच वायफाय. खालच्यांच्या दाराचा कॅमेरा त्यानेच लावलेला. कुणाकुणाच्या घरात त्याचं काय काय आहे देव जाणे, आणि सगळ्यांना ते फुकट पाहिजे. कुंपणच शेत खातंय आणि शेत म्हणतंय, चालू द्या, कुंपणाला पैसे लागत नाहीत. थू. आमचे हे फोनवर म्हणाले, मी येईन तेव्हा बघू, तोवर आईला समजाव. मी समजावू? नणंद सासूबाईंना फोन देत नाही. म्हणते, आई बोलत नाहीये, पाठ धरलीय, पलंगावरून उठवत नाही. आणि गोदामातून निरोप आलाय, सोमवारपासून याल तर या, नाहीतर दुसरी बघतो. बारकीला कुणाकडे टाकून जाऊ? पाळणाघरात ठेवलं तर पगार तिथेच जाईल. आणि खरं सांगू — मी ठेवणारच नाही. मला आता माहीत आहे ना हिला कसं सांभाळलं जात होतं. ते बघितल्यावर दुसरीकडे कशी ठेवू?

तुम्हाला स्वस्तात जोडायचंय ना? मग हे घ्या. कामावर त्यांच्याकडून रीतसर नंबर टिपून घ्या. घरी तुमचा मोबाईल, तुमच्या नावाचं नेट. संपलं की थांबा, दुसऱ्या दिवशी करा. मी आता तसंच करते, जेवढे पत्ते होतील तेवढे. खातं स्वतःच्या हाताने उघडा, जागा नसली तर फोटो पुसा. मी पुसले, निम्मे. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये सांगा सगळ्यांना, जिन्यात, गच्चीवर, जिथे बायका भेटतील तिथे — की जो म्हातारा पैसे न घेता वायर सोडतो त्याला दारात उभा करू नका.

ही घ्या पिशवी. यात कपडे आहेत, चष्म्याचं घर, गुडघ्याचं तेल झाकण घट्ट लावून. ही बारकीची टोपी, ती मुद्दाम ठेवलीय, त्या म्हणतील चुकून आली, तर म्हणू द्या. आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं आहे ते — पट्टा आहे. त्याशिवाय पाठ कशी राहील. दोनदा गुंडाळलाय, वरून दोरी बांधलीय, बाहेरून कळता कामा नये काय आहे ते. नणंदेलाही नका सांगू, तिला माहीत नाही. वाटेत उघडू नका. कुणाला म्हणजे कुणालाच कळता —

तुम्हाला कळलं.

मीच सांगितलं की. आल्यापासून तेच सांगतेय. जिन्यातलं, मोरीतलं, सगळं. तुम्ही तर नावाने ओळखतही नाही मला.

नको, पाणी नको. निघा तुम्ही, ताई, उशीर होईल. पिशवी खालून धरा, बंद कच्चे आहेत. सगळ्यांना सांगा म्हटलं ते काकाचं सांगा, बाकी इथेच सोडून जा. आणि त्यांना... त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या असतील, तरी सांगा. माफी वगैरे काही नको, माझ्या तोंडची माफी त्यांना ओळखू येणार नाही. नुसतं एवढंच सांगा — फ्रिजवर आता काही नाही. धूळ बसलीय म्हणावं. मी पुसलेली नाही.